श्वासाचा आरसा
(गणेशोत्सवातील सायंकालीन व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मधला हा पाऊण तास मंडळानं माझ्या स्वाधीन केला, याबद्दल आभार. प्रसादाचा वास इथपर्यंत येतो आहे, त्यामुळे तुमच्या संयमाची मला जाणीव आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही आणि योगशिक्षकही नाही. माझं सगळं आयुष्य मोजमापाची यंत्रं बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. दाब मोज, तापमान मोज, कंपनं मोज. आणि दुसरं म्हणजे मी दमेकरी आहे, वयाच्या दहाव्या वर्षापासून. त्यामुळे श्वास हा विषय मला यंत्राच्या बाजूनंही माहीत आहे आणि पेशंटच्या बाजूनंही. गेली काही वर्षं आपल्यातले बरेच जण मला विचारतात, "काका, ते श्वासाचं सॉफ्टवेअर तुम्ही वापरता ना, कुठलं घेऊ?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांनाच सांगावं असं ठरवलं. माझी जी फजिती झाली तीसुद्धा सांगणार आहे, कारण या विषयातला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे.

सुरुवात एका छोट्या प्रयोगानं करू. मी घड्याळ लावतो. एक मिनिट आपापले श्वास मोजा. बोलू नका, मुलांनाही सांगा.

झालं? कुणाचे १४, कुणाचे १८, कुणाचे ९. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे साधारण १२ ते २० धरतात. आता खरा प्रश्न. मोजायला लागल्याबरोबर श्वास बदलला, असं किती जणांना वाटलं? बघा, जवळजवळ सगळे हात वर आहेत. आणि यातच आजच्या भाषणाचं मर्म आहे. हृदयाचे ठोके आपण ठरवून थांबवू शकत नाही, अन्न पचवायचं की नाही हे आपल्या हातात नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि मनात आणलं तर आपल्या हुकमातही येतो. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवा. शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशीही असतो. श्वासाची गाडी तशी आहे. पण बहुतेकांना दुसरा ब्रेक आहे हेच आठवत नाही, कारण तो चालतो आहे की नाही हे दिसत नाही.

हे दिसायला लागणं म्हणजे बायोफीडबॅक. शब्द मोठा आहे, पण वस्तू तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी ते तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र आलं होतं, आठवतं? नळी तोंडात धरून हवा आत ओढायची आणि चेंडू वर चढवायचे. ज्यांचं बायपास झालं आहे त्यांना तर ते ऑपरेशननंतर मिळतंच. त्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत ओढली, याचा तो हिशेब. "खोल श्वास घ्या" असं नुसतं सांगितलं तर पेशंट दोनदा घेतो आणि सोडून देतो. चेंडू दिसला की तोच माणूस नातवंडांशी पैज लावतो. शरीरात काय चाललं आहे ते डोळ्यांना किंवा कानांना कळवायचं, आणि माणसानं ते बघून आपल्यात बदल करायचा, एवढीच ही कल्पना आहे. आरशात बघून भांग पाडावा तसं. बायोफीडबॅक हे नाव १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालं. १९६९ साली कॅलिफोर्नियात या विषयाच्या संशोधकांनी आपली संस्थाही काढली.

संगणकावरच्या प्रकारात चेंडूंच्या जागी सेन्सर येतो. याचे मुख्य तीन प्रकार लक्षात ठेवा, कारण पुढं माझी फजिती याच ठिकाणी होणार आहे. पहिला, छातीला किंवा पोटाला बांधायचा पट्टा. श्वासाबरोबर तो ताणला जातो आणि पडद्यावर लाट उमटते. दोन पट्टे बांधले तर छाती जास्त हलते की पोट, तेही दिसतं. दुसरा, बोटाला किंवा कानाच्या पाळीला लावायचा चिमटा. ऑक्सिमीटरसारखाच. तो नाडी टिपतो आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. तिसरा, कॅप्नोमीटर. नाकाशी बारीक नळी लावून बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते तो सांगतो. हा महाग असतो आणि सहसा दवाखान्यातच दिसतो.

आता कुणी म्हणेल, श्वास मोजताना नाडीचा काय संबंध? संबंध आहे आणि मोठा सुंदर आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ होतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं १८४७ साली हे नोंदवून ठेवलं. निरोगी तरुण माणसात हा चढउतार चांगला ठळक असतो. पुढं असं दिसलं की श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला तर हा चढउतार सगळ्यात मोठा होतो. कारण झोपाळ्याचं आहे. रक्तदाब सांभाळणारी जी यंत्रणा शरीरात आहे तिची एक फेरी साधारण १० सेकंदांत पुरी होते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिला तर अडखळतो. दहा सेकंदांचा एक श्वास म्हणजे बरोबर लयीत दिलेला धक्का. प्रत्येकाची लय थोडी वेगळी असते, कुणाची साडेचार, कुणाची साडेसहा. ती शोधून देणं हे चांगल्या सॉफ्टवेअरचं एक काम.

लुचियानो बेर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी २००१ साली एक गंमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. २३ जणांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा एक बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. आपल्या मंडपात सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात. एका वर्षी मी सदऱ्याच्या आत पट्टा बांधून बसलो होतो. एरवी माझे श्वास १५-१६ असतात, आवर्तनात ते सातावर आले होते. दीर्घ स्वरात म्हणायचं तर श्वास सोडण्याला वेळ द्यावाच लागतो. यात चमत्कार काही नाही, पण आपल्या वाडवडिलांनी विना-सॉफ्टवेअर बऱ्याच गोष्टींची सोय करून ठेवली होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता थोडं गणित. तुम्ही बहुतेक जण हिशेबाची माणसं आहात. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा जाते. त्यातली अंदाजे १५० नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, तिचा रक्ताला उपयोग नाही. म्हणजे मिनिटाला १२ श्वास घेतले तर १२ गुणिले ३५०, म्हणजे ४,२०० मिलिलिटर हवा कामाला येते. कामाच्या ताणात, खुर्चीत पोट दुमडून बसून, मिनिटाला २४ उथळ श्वास घेतले, प्रत्येकी २५० चे, तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. पण कामाला आली २४ गुणिले १००, म्हणजे फक्त २,४००. धावपळ तेवढीच, मिळकत निम्म्याच्या जवळ. उलट ६ श्वास, प्रत्येकी १,००० चे, तर ५,१००. मग उथळ श्वासवाल्याला हवा पुरी पडत नाही आणि तो अधूनमधून मोठा उसासा टाकतो.

पण इथंच एक खड्डा आहे. "खोल श्वास घ्या, जास्त प्राणवायू मिळतो" असं आपण सर्रास म्हणतो. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू आधीच ९५ ते ९९ टक्के भरलेला असतो, हे ऑक्सिमीटरमुळे आता सगळ्यांना ठाऊक आहे. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? गरजेपेक्षा जास्त हवा घेतली तर प्राणवायू वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. आणि तो नुसता कचरा नाही. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. माणसाला वाटतं हवा कमी पडते आहे, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो, आणि चक्र वाढत जातं. घबराटीच्या झटक्यात पुष्कळदा हेच होतं. ईसीजी नॉर्मल येतो आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवतात. पण त्या माणसाला जे झालं ते खोटं नसतं.

अशा लोकांसाठी अमेरिकेत ॲलिशिया म्यूरेट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅप्नोमीटर वापरून चार आठवड्यांचं शिक्षण तयार केलं. दिवसातून दोनदा, १७ मिनिटं. पहिल्या आठवड्यात मिनिटाला १३ श्वास, मग ११, मग ९, मग ६. श्वास संथ करायचा, पण मोठा करायचा नाही. पडद्यावरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा योग्य पातळीला, म्हणजे ३५ ते ४५ च्या दरम्यान आणायचा. स्वतःच्या श्वासानं तो आकडा वर-खाली होतो हे डोळ्यांनी बघितलं की भीतीचा अर्धा जोर तिथंच ओसरतो.

या विषयात आपल्या माणसांचं योगदानही मोठं आहे. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं आणि योगक्रियांचा एक्स-रे घेऊन, दाब मोजून अभ्यास केला. परंपरेवर श्रद्धा आणि हातात मोजपट्टी, ही त्यांची पद्धत. १९६१ सालचा दुसरा अभ्यास दिल्लीच्या डॉ. आनंद यांनी वेंगर आणि बागची यांच्याबरोबर केला. हृदय थांबवतो असं सांगणारे योगी त्यांनी तपासले. श्वास कोंडून, छाती-पोटाचे स्नायू आवळून ते मनगटावरची नाडी जवळजवळ नाहीशी करत. स्टेथोस्कोपनंही ठोके नीट ऐकू येत नसत. पण ईसीजीच्या कागदावर हृदय चालूच होतं. योगी खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. नाडीवर बोट ठेवलं तर एक उत्तर मिळालं, ईसीजी लावला तर दुसरं. कुठलं यंत्र लावलं यावर काय दिसतं हे ठरतं. हे वाक्य मी पन्नास वेळा वाचलं असेल, तरी ते माझ्या बाबतीत मला सुचलं नाही.

ती हकीकत अशी. २०१९ साली मी पट्टा आणि चिमटा दोन्ही असलेला एक संच घेतला. रोज संध्याकाळी २० मिनिटं. श्वास आत चार सेकंद, बाहेर सहा. जमलं की पडद्यावरचा फुगा हिरवा होतो आणि गुण मिळतात. तीन महिन्यांत मी ९० च्या वर गुण मिळवू लागलो. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, घरातल्यांनी तशी साक्षही दिली. मग मला वाटलं, आता रोजच्या पंपाची काय गरज? आधी दोन वेळचा एकदा केला, नंतर दिवसाआड. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

डिसेंबर उजाडला. इथल्या बंगळूरच्या थंडीत रात्री थोडा खोकला येऊ लागला, तो मी हवेच्या नावावर घातला. संध्याकाळी संगणकासमोर बसलो की गुण पहिल्यापेक्षा चांगले! एका रात्री तीन वाजता उठून बसलो तो बोलता येईना. एक वाक्य पुरं करायला तीनदा थांबावं लागत होतं. शेजारच्या कानडी कुटुंबातल्या मुलानं गाडी काढली. नेब्युलायझर लावला, इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी विचारलं, "रोजचा पंप चालू होता ना?" मी गप्प. बायको म्हणाली, "संगणकानं यांना पास केलं होतं."

घरी आल्यावर मी साठवलेल्या नोंदी काढून बसलो. शेवटच्या दहा दिवसांत माझा श्वास सोडण्याचा वेळ वाढत वाढत पाच सेकंदांवरून सातावर गेला होता. सॉफ्टवेअरला वाटलं, वा, शिष्य प्रगती करतो आहे. प्रत्यक्षात दम्यात श्वासनलिका अरुंद होतात आणि हवा बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून उच्छ्वास लांबतो. म्हणजे ज्या खुणेवरून डॉक्टर सावध होतात, त्याच खुणेला माझा संगणक शाबासकी देत होता. पट्टा छातीची हालचाल मोजतो. हवा किती जोरानं बाहेर पडते ते त्याला कळतच नाही. ते सांगणारं साधं, वीज न लागणारं यंत्र, पीक फ्लो मीटर, माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. माझा चांगल्या दिवसांतला आकडा ४२०. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीही २६० च्या वर जाईना. आयुष्यभर इतरांना सांगत आलो की सेन्सर चुकीच्या जागी लावला तर आकडा बिनचूक येतो आणि निष्कर्ष चुकतो. स्वतःच्या छातीवर ते विसरलो.

मग हे सगळं टाकाऊ आहे का? नाही. मी आजही रोज बसतो. फक्त कशासाठी बसतो ते आता नीट कळलं आहे. आपल्या या शहरातल्याच डॉ. नागरत्ना आणि डॉ. नागेंद्र यांनी १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दम्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. योगाभ्यास करणारे ५३ रुग्ण आणि त्यांच्याशी जुळणारे दुसरे ५३. योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषध कमी लागलं. २०१८ साली इंग्लंडमध्ये ६५५ दमेकऱ्यांवर झालेल्या अभ्यासात श्वासाचं शिक्षण मिळालेल्यांचं रोजचं जगणं सुधारलं, आणि घरी डीव्हीडी बघून शिकणाऱ्यांनाही समोर बसून शिकणाऱ्यांइतकाच फायदा झाला. पण फुप्फुसांच्या चाचणीचे आकडे बदलले नाहीत. त्रास कमी झाला, दमा गेला नाही. हा फरक मला आधी समजला असता तर ती रात्र टळली असती.

रक्तदाबाचंही तसंच. श्वास संथ करायला लावणारं, पट्टा आणि सूर असलेलं एक यंत्र अमेरिकेत २००२ पासून विनाचिठ्ठी मिळू लागलं. २०१३ साली तिथल्या हृदयरोग संघटनेनं औषधांना जोड म्हणून ते वापरायला हरकत नाही असं म्हटलं. पण त्याआधी, २०१२ मध्ये, सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा उत्पादकांशी संबंध असलेल्या चाचण्या वगळल्यावर परिणाम उरला नाही. आणि २०२३ साली ४०० लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मिनिटाला साडेपाच श्वास, निम्म्यांना १२, रोज दहा मिनिटं, चार आठवडे. दोन्ही गटांना बरं वाटलं, फरक मात्र दिसला नाही. कदाचित दहा मिनिटं शांत बसणं हेच मोठं औषध असेल. ते मोबाईल न वापरता करता येतं, पण हल्ली मोबाईलनं सांगितल्याशिवाय आपण बसत नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

शेवटी, कुठलं घेऊ, या प्रश्नाचं उत्तर. नाव मी सांगणार नाही, पारख सांगतो. पहिलं विचारा, हे नेमकं काय मोजतं? मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं असेल तर ते नाडी मोजतं, श्वास नाही. नुसता फुगा मोठा-लहान होत असेल तर ते काहीच मोजत नाही, फक्त ताल धरतं. तालही उपयोगी आहे, पण त्याला आरसा म्हणू नका. दुसरं, श्वास संथ करा, मोठा नको. मुंग्या आल्या, हलकं वाटलं तर थांबा. तिसरं, आठवड्यातून एकदा पडदा झाकून बसा, आपले श्वास किती झाले ते मनाशी ठरवा आणि मग पडदा उघडून ताडून बघा. अंदाज जुळायला लागला की यंत्राचं काम झालं. चांगला मास्तर तोच, ज्याची हळूहळू गरज उरत नाही. चौथं, औषध कमी करायचा निर्णय डॉक्टरांचा, पडद्यावरच्या हिरव्या रंगाचा नाही. दमेकऱ्यांनी पीक फ्लो मीटर खणात ठेवू नका. आणि पाचवं, अचानक दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, वाक्य पुरं होईना, तर पट्टा बांधत बसू नका आणि तोंडावर कागदी पिशवीही धरू नका. सरळ हॉस्पिटल गाठा, आणि शेजाऱ्यांची झोपमोड करायला संकोच करू नका. माझ्या शेजाऱ्यांनी ती आनंदानं केली, म्हणून आज मी इथं उभा आहे. ते कुटुंब आज आरतीलाही आलं आहे, तिसऱ्या रांगेत बसलं आहे. त्यांना माझं मराठी भाषण कितपत कळलं माहीत नाही, पण सगळे त्यांच्याकडे वळून बघताहेत, त्यावरून काय ते समजले असतील.

प्रसाद थांबला आहे. जाता जाता एकच करा. उद्या सकाळी आवर्तनाला बसाल तेव्हा घाई करू नका. शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास पुरू द्या.

गणपती बाप्पा मोरया!